घरच्या कॉम्प्युटरला रॅम नक्की किती लागते? आधी मोजा, मग घ्या

कॉम्प्युटर रखडायला लागला की घरात पहिलं वाक्य येतं, ‘रॅम वाढवून घेऊ.’ दुकानात गेलं की दुसरं ऐकू येतं, ‘आता सोळा जीबीशिवाय चालतच नाही.’ ही दोन्ही वाक्यं कधी बरोबर असतात, तर कधी साफ चुकीची. तुमच्या मशीनच्या बाबतीत काय खरं आहे ते शोधायला एखादा तास पुरतो आणि पैसे लागत नाहीत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे वळवलं. त्यामुळे ‘स्वस्तच आहे, टाकून देऊ’ हा जुना हिशोब आता धरता येत नाही. रॅम किती हवी याचं उत्तर तुमच्या रोजच्या कामात आहे, आणि ते मोजता येतं. ते कसं मोजायचं, आकड्यांचा अर्थ कसा लावायचा आणि मग काय विकत घ्यायचं, हे सगळं खाली सांगतो. सूचना मुख्यतः विंडोजच्या आहेत, कारण घराघरांत तेच असतं.

तक्रार नेमकी कोणती?

‘स्लो झालाय’ एवढ्यावर काही ठरवता येत नाही. मशीन सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लागतात, पण एकदा सुरू झालं की बरं चालतं, असं असेल तर संशय हार्ड डिस्कवर घ्या. एकच काम, म्हणजे समजा व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं, तासभर चालतं आणि बाकी सगळं ठीक आहे, तर तो प्रोसेसरचा प्रश्न आहे. दुपारच्या उकाड्यात पंखा घोंगावतो आणि वेग मंदावतो, तर आधी कॅबिनेट उघडून धूळ साफ करा.

रॅम कमी पडण्याची खूण वेगळी असते. वर्डमधून ब्राउझरवर गेलात की पान क्षणभर पांढरं पडतं. मघाशी उघडलेला टॅब पुन्हा लोड होतो. एका खिडकीतून दुसरीत जाताना माउस अडखळतो, आणि चार गोष्टी बंद केल्या की मशीन लगेच हलकं होतं. ही लक्षणं असतील तर मोजणी करण्यात अर्थ आहे.

असं का होतं, तेही समजून घ्या. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा धरला, तर डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही की विंडोज सध्या न लागणारा माल माळ्यावर ठेवतं आणि लागला की पुन्हा खाली काढतं. रॅममधली गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपांच्या डिस्कवरून आणायची तर त्याच्या शेकडो पट, आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायची तर सुमारे लाखपट वेळ जातो. म्हणून ८ जीबीच्या ज्या मशीनमध्ये हार्ड डिस्क आहे ते रॅम संपताच गुडघे टेकतं, आणि एसएसडी असलेलं तितक्याच रॅमचं मशीन तेच काम कुरकुरत का होईना, पार पाडतं.

मोजणीची तयारी

मशीन ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करू नका, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. म्हणजे ड्रायव्हरांनी (प्रिंटर, ग्राफिक्स असे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांनी) साठवलेला जुना पसारा तसाच राहतो. खरी कोरी सुरुवात रीस्टार्टनेच होते. महिनोन्‌महिने रोज शट डाउन करणाऱ्या काही जणांची तक्रार तर एवढ्यानेच मिटते.

मग आपल्या आठवड्यातला सगळ्यात जड तास आठवा आणि तोच मुद्दाम घडवून आणा. मुलाचा ऑनलाइन क्लास चालू, ब्राउझरमध्ये नेहमीचे वीस टॅब, व्हॉट्सअ‍ॅप, एक्सेलची सगळ्यात मोठी फाइल, मागे गाणी, असं जे काही तुमच्याकडे खरोखर एकाच वेळी चालतं ते सगळं उघडा. कधीतरी शिकायचंच आहे म्हणून थ्री-डीचं सॉफ्टवेअर उघडू नका. वीस-पंचवीस मिनिटं नेहमीसारखं काम करा आणि मग आकडे बघा.

कोणते आकडे बघायचे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’वर जा.

‘इन यूज’ म्हणजे आत्ता प्रत्यक्ष अडवलेली रॅम, आणि ‘अव्हेलेबल’ म्हणजे मागितली की लगेच देता येईल अशी. इथे बरेच जण उगाच घाबरतात. ‘कॅश्ड’चा आकडा मोठा दिसला की रॅम भरली असं वाटतं. खरं तर विंडोज रिकामी रॅम वाया घालवत नाही. पूर्वी वापरलेल्या फाइल्स तिथे ठेवतं, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्कवर जावं लागत नाही. गरज पडली की ही जागा क्षणात मोकळी होते. रॅम जास्त असली की विंडोज आणि प्रोग्रॅमही ती सैल हाताने वापरतात, म्हणून १६ जीबीच्या मशीनवर ८ जीबीच्या मशीनपेक्षा ‘इन यूज’ जास्त दिसणं हेही नेहमीचंच. ‘शेजाऱ्याच्या मशीनवर ९ जीबी वापरात दिसते, म्हणजे मला ८ पुरणार नाही’ हा निष्कर्ष म्हणून चुकतो. ‘रॅम क्लीनर’ नावाची जी अ‍ॅप्स फिरतात ती प्रोग्रॅमांना त्यांच्या रॅममधून बाहेर ढकलतात आणि मोकळ्या जागेचा आकडा फुगवून दाखवतात. पुढच्याच मिनिटाला तोच माल परत आणावा लागतो. ती काढून टाका.

सगळ्यात कामाचा आकडा आहे ‘कमिटेड’, आणि त्याकडेच सहसा कोणी बघत नाही. तो ‘७.१/१०.४ जीबी’ असा जोडीने दिसतो. पहिली संख्या म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून विंडोजकडे मागून ठेवलेली जागा. दुसरी म्हणजे रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल (माळ्यावर माल ठेवायला राखलेली जागा) मिळून विंडोज जास्तीत जास्त किती देऊ शकतं ती मर्यादा. पहिली संख्या दुसरीला टेकली तर प्रोग्रॅम बंद पडायला लागतात, ‘आउट ऑफ मेमरी’चे संदेश येतात. एक ध्यानात ठेवा की मागून ठेवलेली सगळी जागा प्रोग्रॅम वापरतातच असं नाही. म्हणून कमिटेड हा गरजेचा थोडा फुगीर अंदाज असतो. फुगीर अंदाजसुद्धा रॅममध्ये मावत असेल, तर तुमची रॅम पुरेशी आहे हे जवळपास पक्कं समजा.

टास्क मॅनेजर फक्त त्या क्षणाचा आकडा दाखवतो. दिवसभरातला सर्वोच्च आकडा हवा असेल तर मायक्रोसॉफ्टचंच ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे मोफत साधन घ्या. त्यातल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये कमिटचा ‘पीक’ नोंदलेला असतो. सकाळी रीस्टार्ट करा, दिवसभर घरातल्या सगळ्यांना मशीन वापरू द्या आणि रात्री तो एक आकडा वाचा. माझ्या मते यापेक्षा चांगली मोजणी घरी होणं कठीण.

शेवटचा आकडा ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये आहे. स्टार्ट मेनूत त्याचं नाव टाइप केलं की उघडतो. त्याच्या ‘मेमरी’ टॅबमध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख असतो, म्हणजे दर सेकंदाला किती वेळा डिस्कवर धाव घ्यावी लागली त्याची मोजदाद. नवा प्रोग्रॅम उघडताना आलेख उसळतोच, ते सोडून द्या. सगळं उघडून झाल्यावरही तो शेकड्यांत टिकून राहिला आणि त्याच वेळी ‘अव्हेलेबल’ काही शे एमबीवर आलेली असेल, तर रॅम खरोखर कमी पडते आहे.

लिनक्सवाल्यांनी ‘फ्री’ या आज्ञेच्या उत्तरातला ‘अव्हेलेबल’ रकाना बघावा, ‘फ्री’ नावाचा नाही. मॅकवर ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’मधला ‘मेमरी प्रेशर’चा आलेख हिरवा आहे तोवर काळजी नाही.

दोन मशीन, दोन निर्णय

माझ्या मावशीकडे सातव्या पिढीच्या आय५चा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. ती भाषांतराची कामं घेते. वर्डच्या तीन-चार फाइल्स, ब्राउझरमध्ये शब्दकोशांचे टॅब, एक जाडजूड पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅप वेब. दुकानदाराने तिला १६ जीबी करायला सांगितलं होतं. जड तासात आकडे असे दिसले: इन यूज ५.८, कमिटेड ७.१/१०.४, हार्ड फॉल्ट्सचा आलेख बहुतेक वेळ तळाशी. मात्र टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सुरुवातीचा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकलेली. म्हणजे मागणी रॅममध्ये मावत होती, रखडत होती ती डिस्क. तिला रॅम घेऊ दिली नाही. साटा जोडणीची, म्हणजे हार्ड डिस्कसारख्याच वायरवर चालणारी एक एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क साठवणीला ठेवली. रॅम आजही ८ जीबीच आहे आणि कामाला पुरते.

दुसरं मशीन चुलतभावाचं, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप. एसएसडी आधीपासून, रॅम ८ जीबी. त्याचा जड तास म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ (फोनची अ‍ॅप्स बनवायचं सॉफ्टवेअर), सोबत एम्युलेटर (स्क्रीनवर चालणारा नकली फोन), आणि ब्राउझर. इन यूज ७.३, कमिटेड १४.६/१९, हार्ड फॉल्ट्स सतत शेकड्यांत. इथे वाद घालायला जागाच नव्हती. प्रश्न होता १६ की २४, कारण त्याच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डावरच डकवलेली आहे आणि रॅमची पट्टी बसवायची एकच खाच (स्लॉट) मोकळी होती. तिथे ८ ची पट्टी बसवली तर १६, १६ ची बसवली तर २४. मागणी १४.६, त्यावर फाइल्सच्या कॅशला थोडी जागा, आणि दाबून वापरणारे प्रोग्रॅम रॅम मिळाली की हातपाय पसरतात हेही धरलं, तर १६ काठोकाठ झाली असती. ती एकमेव खाच एकदा भरली की पुढच्या वेळी नवी पट्टी काढून टाकावी लागणार, म्हणून १६ ची पट्टी घेतली. डेस्कटॉपवर चार खाचा असत्या तर मी त्याला आधी १६ वरच थांबवलं असतं.

यातून नियम असा निघतो. जड तासातला सर्वोच्च कमिटेड आकडा घ्या, त्यात दोनेक जीबी मिळवा, आणि बाजारात मिळणाऱ्या पुढच्या टप्प्यावर थांबा. बेरीज ८ च्या आत, तर ८ पुरे. ८ ते १६ च्या मध्ये असेल तर १६. सोळाच्या वर खरोखर जात असेल तरच २४ किंवा ३२. बेरीज सीमेला जेमतेम ओलांडत असेल, तर हार्ड फॉल्ट्सचा आलेख काय सांगतो ते बघून ठरवा.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. एखादा प्रोग्रॅम काहीही न करता तासागणिक फुगत असेल, सकाळी ५०० एमबी आणि संध्याकाळी ४ जीबी, तर तो त्या प्रोग्रॅममधला दोष आहे. तो अपडेट करा, ब्राउझर असेल तर एक्स्टेंशन एकेक बंद करून बघा. अशा मशीनला कितीही रॅम घाला, ती खाल्ली जाईल. टास्क मॅनेजरमधले ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ही याच वेळी बघून घ्या. न मागता सुरू होणारी दोन-चार अ‍ॅप्स बंद केली की जागा मोकळी होते.

मोजणी करता येत नसेल तर

मशीन अजून घ्यायचंच असेल किंवा काम बदलणार असेल, तर अंदाजावर चालावं लागतं. विंडोज ११ ची अधिकृत किमान गरज ४ जीबी आहे, पण तेवढ्यावर ते नुसतं सुरू राहतं. त्याच्यावर काम करणं जिवावर येतं. पत्रव्यवहार, बँक, यूट्यूब, मुलांचा अभ्यास, हिशोबाचं सॉफ्टवेअर यांना ८ जीबी चालते. नवं मशीन चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर मी १६ च सुचवेन. फोटोशॉपसाठी अडोबी किमान ८ आणि शक्यतो १६ सांगते. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह वापरायचा तर १६ च्या खाली जाऊ नका. नवे मोठे गेम्सही बहुधा १६ मागतात. ३२ ची गरज फोर-के व्हिडिओ एडिटिंग, व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणाऱ्यांना. तुमचं काम या यादीत नसेल तर ३२ चा मोह धरू नका.

ज्या लॅपटॉपमध्ये सगळी रॅम बोर्डावरच डकवलेली असते आणि वेगळी खाच नसते, त्यात नंतर काहीच करता येत नाही. २०२० पासूनचे ॲपलच्या स्वतःच्या चिपचे सगळे मॅक आणि बरेचसे पातळ विंडोज लॅपटॉप असेच आहेत. तिथे मात्र आजच्या गरजेपेक्षा एक टप्पा वर घ्यावं.

मशीनमध्ये बसेल काय?

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’, ‘स्पीड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ लिहिलेलं असतं. ‘डिम’ म्हणजे डेस्कटॉपची लांब पट्टी, ‘सोडिम’ म्हणजे लॅपटॉपची आखूड. काही लॅपटॉपमध्ये डकवलेली रॅमही खाच म्हणून मोजली जाते, त्यामुळे मॉडेल नंबर घालून कंपनीच्या संकेतस्थळावर कमाल किती रॅम चालते ते तपासाच.

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. पट्टीवरची फट वेगवेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलात तर मदरबोर्ड जायचा. साधारणपणे २०१५ च्या आधीचे घरगुती डेस्कटॉप डीडीआर३ चे असतात. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बोर्डांवर ४ किंवा ५ यांपैकी काहीही असू शकतं, आणि एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर फक्त डीडीआर५ चालते. आपल्याकडे अजून ढिगाने दिसणारे इंटेलच्या एच६१ चिपसेटचे जुने बोर्ड १६ जीबीवर संपतात.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’वर जा. तिथल्या ‘सिस्टिम टाइप’मध्ये ३२-बिट लिहिलेलं असेल तर थांबा. त्या विंडोजला ४ जीबीच्या पलीकडची रॅम दिसतच नाही, आणि त्यातलीही साडेतीनच्या आसपासच वापरता येते. आधी ६४-बिट टाकावं लागेल. तसंच इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक मशीनना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅम वाढवल्याने हे बदलत नाही. अशा मशीनवर खर्च करण्याआधी पुढची दोन-तीन वर्षं त्यावर काय चालवणार ते ठरवा. लिनक्स मिंटला ४ जीबी पुरते.

खरेदी

पट्टी एक घ्यावी की दोन? दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर याचा फरक गेम्समध्ये आणि व्हिडिओच्या कामात चांगला जाणवतो, कारण आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. नुसतं टायपिंग आणि ब्राउझिंग असेल तर एक मोठी पट्टी घेऊन खाच मोकळी ठेवणं मला पटतं.

जुनी पट्टी ठेवून नवी जोडायची असेल तर पिढी, व्होल्टेज आणि वेग जुळवा. वेग वेगळे असले तर सगळ्या पट्ट्या सर्वात कमी वेगाने चालतात. जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो काढून दुकानात न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तेवढ्या फोटोवर जोडीची पट्टी शोधून देतात, डीडीआर३ चीसुद्धा. डीडीआर३ आता वापरलेलीच घेतली तरी हरकत नाही, रॅम सहसा झिजत नाही. पण पक्कं बिल घ्या आणि बिघाड निघाल्यास बदलून देण्याची मुदत त्यावर लिहून घ्या.

बसवणं

मशीन बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. लॅपटॉप असेल तर बॅटरीची जोडणी सोडवा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

डेस्कटॉपवर खाचेच्या टोकाच्या चिमट्या उघडा, फट जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. चिमटी ‘टक्‌’ करून आपोआप मिटली पाहिजे. चार खाचा आणि दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरतात. लॅपटॉपमध्ये पट्टी तिरकी सरकवायची आणि मग खाली दाबायची.

सुरू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली किंवा बीप वाजत राहिले, तर पट्टी पुरती बसलेली नाही असं आधी धरा. जुन्या पट्टीचे दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून, भुगा झटकून पुन्हा लावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो, घाईने बटण दाबू नका.

बसवल्यावर लगेच

टास्क मॅनेजरमध्ये एकूण रॅम आणि वेग बघा. वेग पट्टीवर छापलेल्यापेक्षा कमी दिसला तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे छापलेला वेग लागू करणारी सेटिंग, चालू करावी लागते. अर्थात प्रोसेसर आणि बोर्ड तो वेग झेपवत असतील तरच. ‘हार्डवेअर रिझर्व्ड’मध्ये काही शे एमबी दिसणं ठीक, आतलं ग्राफिक्स तेवढी घेतं. तिथे अर्धी रॅम अडकलेली दिसली तर पट्टी पुन्हा बसवून बघा.

मग तोच जड तास पुन्हा घडवा आणि हार्ड फॉल्ट्सचा आलेख आधीच्याशी ताडून बघा. त्या रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून सकाळपर्यंत चालू द्या. त्यात एक जरी चूक लाल अक्षरांत दिसली तर आधी एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा. तरीही चूक येत असेल तर पट्टी सदोष आहे, आणि बिलावरची मुदत संपायच्या आत ती दुकानात परत करा.